एमजीबीच्या पुढच्या हबमध्ये शिम कशाला लागतात आणि त्या बसवायच्या कशा

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं पुढचं हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, पहिल्यांदा उघडलं की बाहेरच्या बेअरिंगमागून ग्रीसने माखलेल्या, कागदासारख्या पातळ दोन-चार चकत्या, म्हणजेच शिम, निघतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की कुणीतरी ढिलं बेअरिंग चालवून घ्यायला पत्र्याचे तुकडे घातलेत. माझंही तसंच झालं होतं. शिम म्हणजे जुगाड, असा आपला एक समज असतो, टेबल डुगडुगतं म्हणून पायाखाली कागदाची घडी सरकवतो ना, त्यातलाच प्रकार. इथे मात्र उलटं आहे. ही शिम ढिलं घट्ट करायला नसून नट दाबून आवळला तरी बेअरिंग मोकळं राहावं म्हणून असते. हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं काम सरळ आहे, नाहीतर माणूस अर्धा दिवस नट मागेपुढे करत बसतो.

मी राहतो इंग्लंडात आणि गाडी आहे एमजीबी रोडस्टर. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी ॲबिंग्डनला बनली. पुण्यात लहानपणी काकांच्या अंबॅसिडरच्या बॉनेटखाली डोकं घालून मोठा झालोय, आणि तिच्या पोटातही बीएमसीचंच (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज इंजिन होतं, तिचं १४८९ सीसी आणि हिचं १७९८, म्हणजे खानदान एकच. म्हणून असेल कदाचित, पण मी पहिल्यांदा हब बसवलं ते लहानपणी मिस्त्रींकडे बघितलेल्या पद्धतीने. नट आवळायचा, चाक जड होईपर्यंत, मग एक खाच मागे, स्प्लिट पिन (नटाच्या खाचेतून आणि ॲक्सलच्या भोकातून जाणारी, नट फिरू न देणारी पिन) टाकायची, झालं. ही पद्धत चुकीची नाहीये बरं का, पण ती वेगळ्या हबची आहे. ट्रायम्फ स्पिटफायर, हेराल्ड यांच्या पुढच्या हबमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये काही नसतं, तिथे नटच सगळं ठरवतो आणि तिथे असंच करायचं असतं. एमजीबीत मध्ये एक नळी असते, तिला स्पेसर म्हणतात, आणि सगळा फरक त्या नळीमुळे पडतो.

आधी आत काय काय आहे ते बघू. स्टब ॲक्सल म्हणजे सस्पेन्शनमधून बाहेर आलेला तो जाड दांडा ज्यावर चाक फिरतं. त्यावर हब, आणि हबच्या आत दोन टेपर रोलर बेअरिंग, आतलं मोठं, बाहेरचं लहान. टेपर बेअरिंगचे दोन भाग सुटे असतात, कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो आणि कोन, म्हणजे रोलर असलेला आतला भाग, ॲक्सलवर सरकतो. दोन्ही बेअरिंग उतरत्या आकाराची असल्यामुळे दोन कोन एकमेकांकडे दाबत नेले की रोलर कपात रुतत जातात आणि बेअरिंग घट्ट होतं, लांब नेले की ढिलं होतं. म्हणजे बेअरिंग किती मोकळं राहणार हे फक्त एका गोष्टीवर ठरतं, दोन कोनांमधलं अंतर. आता त्या दोघांच्या मध्ये स्पेसर टाकला आणि स्पेसर आणि बाहेरचा कोन यांच्यामध्ये शिम टाकल्या, की नट कितीही आवळा, कोन स्पेसर अधिक शिम एवढ्या लांबीपेक्षा जवळ येऊच शकत नाहीत. शिम वाढवली तर कोन लांब जातात आणि प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, वाढतो, शिम काढली तर प्ले कमी होतो. नवीन माणसाची इथेच गल्लत होते, कारण मनात "शिम टाकली म्हणजे घट्ट" असं बसलेलं असतं.

मग प्रश्न येतो की एवढा खटाटोप कशाला, नळीच बरोबर मापाची कापून का नाही दिली? कारण मापं जुळत नाहीत म्हणून. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये एंड फ्लोट, म्हणजे हब ॲक्सलवर आत-बाहेर किती सरकायला हवं ते, ०.००२ ते ०.००४ इंच दिलंय. म्हणजे २ ते ४ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), मिलिमीटरमध्ये ०.०५ ते ०.१०. प्रिंटरमध्ये घालतो तो ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१० मिमी असतो, म्हणजे अख्खा कागदही जास्तीत जास्त झाला. आणि साध्या ग्रेडच्या टेपर बेअरिंगच्या एकूण जाडीतच सुमारे ०.२ मिमी फरक चालतो. एका हबात अशी दोन बेअरिंग. म्हणजे नुसत्या बेअरिंगमुळेच ०.४ मिमीपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं, त्यात हबमधल्या कपाच्या बैठका किती खोल कापल्यात तो फरक, स्पेसरच्या लांबीचा फरक. हवंय ०.०५ च्या आत नेमकं आणि मिळतंय त्याच्या कैक पट सैल माप, तर कारखान्यात एकच करणं शक्य होतं, हब जोडायचं, मोजायचं आणि राहिलेलं अंतर पातळ चकत्यांनी भरायचं. म्हणूनच जुन्या बेअरिंगच्या शिम नव्या बेअरिंगला चालतील याची काही खात्री नसते, आणि डावीकडच्या उजवीकडे तर मुळीच घालू नका. बेअरिंग बदललं म्हणजे शिम नव्याने मोजायच्या. मिनीच्या टेपर बेअरिंगच्या किटमध्ये स्पेसर त्या बेअरिंगशी आधीच जुळवून देतात म्हणून तिथे हे काम करावं लागत नाही, एमजीबीला तेवढं सुख नाही.

आणि दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्पेसरच काढून टाकला आणि ट्रायम्फसारखं नटाने ॲडजस्ट केलं तर? असं करणारे खूप आहेत, माझ्या गाडीच्या आधीच्या कुठल्यातरी मालकानेही एका बाजूचा स्पेसर काढून टाकलेला होता, मी उघडलं तेव्हा डावीकडे नळी आणि उजवीकडे नुसती हवा. त्यांचं म्हणणं असतं की गाडी चालते की. चालते, पण स्पेसरचं काम फक्त अंतर धरायचं नाहीये. नट ४० ते ७० फूट-पाउंडाने, म्हणजे ५४ ते ९५ न्यूटन मीटरने आवळला की आतला कोन, स्पेसर, शिम, बाहेरचा कोन, वॉशर हे सगळं एकमेकांवर दाबलं जाऊन जणू एक जाड नळकांडं बनतं आणि त्याच्या आतला ॲक्सल ताणला जातो. वळणावर चाक ॲक्सलला वाकवायला बघतं, तेव्हा तो वाक एकटा दांडा सोसत नाही, बाहेरचं नळकांडंही सोसतं. धातू हजारो वेळा थोडाथोडा वाकला की एक दिवस तडकतो, आणि स्टब ॲक्सल तडकणं म्हणजे काय होतं ते सांगायला नको. शिवाय कोन दाबून धरलेले असले की ते ॲक्सलवर हळूहळू घसरत फिरून त्याला झिजवत नाहीत. म्हणजे नटाचं काम वेगळं आणि प्लेचं काम वेगळं, दोन्ही एकाच नटावर टाकायचं नाही. शिम आणि स्पेसर त्यांची वाटणी करून देतात.

अजून पटत नसेल तर हा हिशोब करून बघा. समजा नटाला इंचाला २० आटे आहेत, म्हणजे एक पूर्ण फेरा ५० थाऊ. खाचांच्या नटाला सहा खाचा, म्हणजे एक खाच सरकली की आठ थाऊपेक्षा थोडं जास्तच. हवाय २ ते ४ थाऊ. मग स्प्लिट पिन बसेल अशी खाचही यावी आणि प्लेही बरोबर यावा हे जमणार नशिबानेच. एमजीबीत टॉर्कची (नट आवळायच्या जोराची) रेंज ४० ते ७० इतकी मोठी ठेवलीय ती याचसाठी, ४० ला आवळा आणि पुढची खाच भोकासमोर येईपर्यंत पुढे जा, अंतर तर शिमने धरलेलंच आहे.

आता प्रत्यक्ष काम. गाडी जॅकवर घेऊन स्टँडवर ठेवायची, नुसत्या जॅकवर नाही, हे दरवेळी लिहावं लागतं कारण दरवेळी कुणीतरी करतंच. चाक काढलं की आधी कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड धरणारा भाग, दोन बोल्ट, त्यांच्या लॉक पत्र्याच्या पाकळ्या सरळ करून, आणि कॅलिपर तारेने वर बांधून ठेवायचा, ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत सोडायचा नाही. ग्रीसची टोपी काढा, स्प्लिट पिन काढा. तारांची चाकं असतील तर पिन हबच्याच कडेला असलेल्या भोकातून ओढावी लागते, तिथे नाकाचा पक्कड लागतो आणि थोडी सहनशक्ती. नट, जिभेचा वॉशर, आणि मग हब डिस्कसकट पुढे ओढायचं. इथे सावकाश, खाली स्वच्छ फडकं अंथरा. बाहेरच्या कोनामागच्या शिम ग्रीसमुळे कोनाला किंवा स्पेसरला चिकटून येतात आणि दिसतच नाहीत. मी एकदा जुना कोन शिमसकट कचऱ्यात टाकला होता आणि मग तासभर विचार करत बसलो की हब एवढं घट्ट का होतंय. शिम पेट्रोलने किंवा केरोसिनने धुवा, वाकलेली, कडेला फाटलेली असेल ती फेकून द्या, बाकीच्या मायक्रोमीटरने मोजून वेगळ्या ठेवा. स्पेसरचं कुठलं टोक कुठल्या बाजूला होतं ते आधीच बघा, फोटो काढा, फोन कशासाठी आहे.

बेअरिंग नवीन घालायचं असेल तर कप आणि कोन दोन्ही बदलायचे, जुन्या कपात नवा कोन अजिबात नाही. जुने कप हबच्या आतल्या खाचेतून पितळी दांड्याने आळीपाळीने चारही बाजूंनी थोडेथोडे ठोकून काढा. नवे बसवतानाही तसंच, सरळ, तिरपा होऊ न देता. कप तळाला टेकला की हातोड्याचा आवाज बदलतो, भद्द येत असतो तो टणक होतो. तो आवाज आल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण कप एका बाजूला ०.१ मिमी वर राहिला तरी तुम्ही केलेलं सगळं मोजमाप खोटं ठरतं आणि पन्नास मैलांनंतर कप बसून जातो आणि चाक लटपटायला लागतं.

मोजताना ग्रीस भरू नका आणि मागचं ऑइल सील लावू नका. जाड ग्रीसची साय आणि सीलचं घर्षण दोन्ही हाताला फसवतात, फक्त पातळ तेलाचा हात रोलरना लावा. ब्रेकचे पॅडही लागलेले नकोत, कॅलिपर काढलेलाच आहे. मॅन्युअलची पद्धत अशी की आधी शिम न घालता सगळं जोडा, आतला कोन, स्पेसर, बाहेरचा कोन, वॉशर, नट, आणि हब हाताने फिरवत फिरवत नट आवळत न्या, बेअरिंग जड होऊन अडकेपर्यंत. याचा उद्देश कप पक्के तळाला बसवणं एवढाच. फार जोर लावायचा नाही, शिमशिवाय पूर्ण टॉर्क दिलात तर रोलर कपात ठसे पाडतील आणि नवीन बेअरिंगची वाट लागेल. अडकलं की थांबा आणि उघडा.

मग उलटं टोक, मुद्दाम जास्त शिम घाला. शिम ३, ५ आणि १० थाऊच्या मिळतात, ३० ची पण मिळते. मी सुरुवातीला ३० आणि दोन १० अशा एकूण ५० घालतो. नट आता पूर्ण टॉर्कने आवळा, कारण शेवटी जसं राहणार तसंच मोजायला हवं, हलक्या हाताने आवळून मोजलं तर स्पेसरमधल्या फटी मिटलेल्या नसतात. डायल गेजचा (सुईने थाऊभर हालचालही दाखवणारं यंत्र) चुंबकाचा पाय डिस्कवर चिकटवा, टोक ॲक्सलच्या तोंडावर टेकवा. हब आत दाबून चार-पाच फेरे फिरवा, आकडा शून्य करा, मग बाहेर ओढून पुन्हा तसेच फिरवा आणि आकडा वाचा. नुसतं ढकलून-ओढून चालत नाही, फिरवल्याशिवाय रोलर आपल्या जागी जात नाहीत, आणि फिरवताना हब तिरकं ओढू नका नाहीतर सरकणं आणि डुलणं यात फरक राहत नाही. तीनदा वाचा, तिन्ही वेळा एकच आकडा आला पाहिजे.

समजा आला २० थाऊ. मला हवाय ३, म्हणजे १७ थाऊ कमी करायचे, ५० वजा १७ म्हणजे ३३, तर ३० ची एक आणि ३ ची एक. सरळ वजाबाकी आहे, कारण कोन जेवढा मागे सरकतो तेवढाच प्ले वाढतो, एकास एक. नेमका आकडा जुळवता येत नसेल तर ४ च्या बाजूला राहा, २ च्या खाली जाऊ नका. चकत्या जितक्या कमी तितकं चांगलं, सात-आठ पातळ शिमचा गठ्ठा स्प्रिंगसारखा दबतो, म्हणून आधी जाड आणि मग बारीक. नवीन शिमसुद्धा मोजून घ्या, पाकिटावर ५ लिहिलेली ५ असतेच असं नाही. मग पुन्हा जोडा, पुन्हा टॉर्क, पुन्हा मोजा. कधीकधी दुसऱ्या फेरीत आकडा थाऊभराने हलतो, तेव्हा एक शिम बदलायची. कंटाळा येतो, पण इथला कंटाळा पुढे महाग पडतो.

डायल गेज नसेल तर? खरं सांगू, घ्या. साधा, चुंबकाच्या स्टँडसकट, एका बेअरिंग किटच्या आसपास किमतीत येतो. हाताने ३ थाऊ आणि ८ थाऊ ओळखणारे मिस्त्री असतील, मी त्यातला नाही. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यात १२५ थाऊ येतात, आणि आपल्याला त्यातले तीन शोधायचेत, हे लक्षात घेतलं की हाताच्या अंदाजावरचा विश्वास आपोआप कमी होतो.

माप जमलं की सगळं खोला, साफ करा, आणि आता ग्रीस. लिथियमचं नंबर २ बेअरिंग ग्रीस, जुन्या वेगळ्या ग्रीसवर नवीन चोपडायचं नाही, आधी पूर्ण धुवायचं. तळहातावर गोळा घेऊन कोनाची कड त्यावर दाबत राहायची, रोलरच्या दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. दोन बेअरिंगच्या मधल्या पोकळीत भरा पण टोपीत ठासून भरू नका, तापल्यावर ग्रीसला फुगायला जागा लागते, नाहीतर ते सीलमधून बाहेर येऊन डिस्कवर जातं. नवीन सील, सरळ ठोकून. शिम ग्रीसच्या थेंबाने स्पेसरला चिकटवा म्हणजे बसवताना पडणार नाहीत, आणि एखादी ॲक्सलच्या आट्यात अडकून तिरकी होऊन दबली तर गेली कामातून, म्हणून कोन सरकवताना बोटाने चाचपा.

नट ४० फूट-पाउंड, मग पुढच्या खाचेपर्यंत, ७० च्या आत. खाच जुळवायला नट कधीही मागे घ्यायचा नाही. ७० ला पोचूनही जुळत नसेल तर वॉशर बदलून बघा किंवा नट बदला. नवीन स्प्लिट पिन, प्रत्येक वेळी नवीन. कॅलिपरचे बोल्ट ४० ते ४५ फूट-पाउंड, लॉक पत्र्याच्या पाकळ्या वाकवा, आणि गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल चार-पाचदा दाबा.

आता चाक लावून बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं तर अगदी बारीकशी टिक जाणवेल. ती हवीच आहे. रिमपाशी धरलेलं असल्यामुळे आतले तीन थाऊ हाताला मोठे होऊन लागतात, आणि आधुनिक गाड्यांची सवय असलेला माणूस लगेच म्हणतो की बेअरिंग गेलं. एकदा एमओटी (इथली गाड्यांची वार्षिक तपासणी) करणाऱ्यानेही मला तेच ऐकवलं होतं. आता चाळीस वर्षांवरच्या, फार मोठे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही, म्हणजे मूळ रूपातली एकही एमजीबी त्यात येत नाही, पण त्याचा अर्थ वर्षातून एकदा बघणारी ती दुसरी नजरही गेली. प्ले जास्त वाटला तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर तो प्ले बेअरिंगचा, तरीही हलत राहिलं तर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं त्या उभ्या खिळीचा, एमजीबीला किंगपिन आहेत आणि त्यांना ३००० मैलांना ग्रीस लागतं हे बरेच जण विसरतात. मी स्वतः एकदा बेअरिंग समजून शिम कमी करत बसलो होतो आणि निघाला किंगपिन.

जास्त ढिलं ठेवलंत तर अजून एक लक्षण येतं जे लोक बेअरिंगशी जोडतच नाहीत. डिस्क डुलते, पॅडना मागे ढकलते, आणि वळण घेऊन आल्यावर पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल खोल जातं, दुसऱ्यांदा दाबलं की ठीक. मग माणूस मास्टर सिलिंडर बदलतो, ब्रेक ब्लीड करतो, पैसे जातात आणि पेडल तसंच. उलट फार घट्ट ठेवलंत तर रोलर आणि कप यांच्यामधली ग्रीसची साय टिकत नाही, हब तापतं, ग्रीस पातळ होऊन वाहून जातं, आणि पुढच्या वेळी उघडाल तेव्हा रोलर निळे पडलेले दिसतील. ढिलं बेअरिंग निदान आवाज करून सांगतं, घट्ट बेअरिंग गुपचूप जळतं, म्हणून शंका असेल तेव्हा मी ४ थाऊकडे झुकतो.

पहिल्यांदा दहा-बारा मैल चालवून, शेवटचा टप्पा शक्यतो ब्रेक न वापरता येऊन, हबला हात लावून बघा. दोन्ही बाजू सारख्या कोमट असतील तर ठीक. एक बाजू हात ठेववत नाही इतकी गरम असेल तर आधी ब्रेक अडकलाय का बघा, चाक हाताने मोकळं फिरतंय का बघा, आणि फिरत नसेल तर उघडा, शिमचा हिशोब कुठेतरी चुकलाय. शेवटच्या शिमची एकूण जाडी, डावी किती, उजवी किती, तारीख, हे मी बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतो. डावी ३३, उजवी २८. पुढच्या वेळी बेअरिंग नवीन असेल तर तो आकडा चालणार नाही हे माहिती आहे, पण फक्त सील बदलायला उघडलं तर त्या आकड्याने एक रविवार वाचतो.